मदत हवी आहे: मधलाच एखादा सूर वाजला की ओळखू येत नाही

राम राम मंडळी. तिवसा तालुक्यातल्या एका गावात राहतो, आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. मोझरी जवळच, त्यामुळे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं लहानपणापासून कानावर. पेटी ऐकून ऐकूनच शिकलो. क्लास करायचा तर अमरावती गाठावी लागते, अन् कापूस वेचणीत ते जमत नाही.

सा रे ग म ओळीनं वाजवलं की सगळं समजते. पण मधलाच एक सूर कोणी दाबला की मी सा पासून मोजत बसतो. म्हणणाऱ्यानं नवी चाल धरली तर मला सूर सापडेपर्यंत खंजिरीवाला पुढच्या कडव्यावर गेलेला असते!

मोबाइलवर एक ॲप घेतलं. ते दोन सूर वाजवून त्यांच्यातलं अंतर विचारते. सा ते म अन् प ते वरचा सा, दोन्हीला त्याचं उत्तर एकच. काळ्या-पांढऱ्या मोजल्या तर बरोबर आहे, दोन्हीकडं पाचच पट्ट्या. पण मला दोन्ही वेगळे ऐकू येतात, वरच्या सा वर तर घरी पोचल्यासारखं वाटते. मग हा सराव भजनाच्या कामाचा आहे का? अन् पेटीचा गंधार (ग) थोडा चढा असते म्हणतात, त्यानं कान बिघडते का?

प्रतिसाद:
दादा, तुम्हाला वेगळं ऐकू येतं तेच हवंय. ॲप मागे षड्ज (सा) धरून ठेवत नाही, आपल्याकडे तो सतत असतो. तानपुरा तुमच्या पट्टीत (तुमच्या सा ला) लावा, घरातल्या कोणाला तरी पेटीवर एकच सूर दाबायला सांगा. आधी तो गळ्यातून काढा, मग नाव घ्या. बारा सूर एकदम नको. भूपाचे पाच घ्या (सा रे ग प ध), मग कोमल गंधार. नवी चाल आली की मुखडा (पहिली ओळ) कुठं थांबतो तेवढंच आधी पकडा. पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे सुरांतलं अंतर मोजायचं माप, पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. ओळखायला अडचण नाही, गाताना मात्र तानपुऱ्याचं ऐका.

धागाकर्ता:
धन्यवाद भाऊ. पण पुरुष काळी दोनला (दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून) गातात, बायांचं मंडळ काळी पाचला. मग दोनदा शिकायचं का?

प्रतिसाद:
कानाला एकदाच. बोटांना मात्र दोनदा: काळी दोनला पंचम (प) काळी पाचवर, काळी पाचला पांढरी चारवर. तानपुऱ्याची पट्टी रोज बदलत जा.