पास, नापास आणि मधलं मूल : तुमचे अनुभव लिहा

2010-11 पासून महाराष्ट्रात पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. वर्षभर चालणारं आकारिक आणि सत्राअखेरचं संकलित मूल्यमापन, वर्णनात्मक नोंदी सुरू झाल्या, नापास करणं थांबलं. 2015 पासून, मुलांना आधीचं किती येतं ते पाहणाऱ्या पायाभूत चाचण्या आल्या. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. त्यात नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षा, आणि तीही नाही जमली तर तोच वर्ग पुन्हा. शिक्षक, पालक, विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा. नुसतं मत नको, डोळ्यांसमोरचं एखादं मूल सांगा. सुरुवात मीच करते.

मी बीड जिल्ह्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीला न्यायला ट्रॅक्टर येतात, मुलं आईबापांबरोबर जातात आणि पट निम्म्यावर येतो. तोडीच्या काळात गावातच मुलांची सोय करणाऱ्या हंगामी वसतिगृहामुळं काही मुलं आजीपाशी राहतात, पण धाकट्याला सांभाळायला थोरली लागतेच, ती जाते. जाणाऱ्या मुलाला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून आम्ही शिक्षण हमी कार्ड भरून देतो. त्याची घडी घातलेली तशीच परत येते.

पाचवीतली अशीच एक मुलगी पाडव्याच्या सुमाराला फडावरून परतली आणि थोड्याच दिवसांत वार्षिक परीक्षेला बसली. गणिताच्या पेपरात हातच्याची वजाबाकी तिनं कोरी सोडली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर ती भावाला घरच्या उचलीचा, म्हणजे मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांचा, हिशेब हजारांत सांगत होती, "ऐंशीची उचल, बासष्ट फिटले, अठरा राहिले. पुन्हा जावं लागंल." मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. उत्तरपत्रिकेत मात्र भोपळाच होता, आणि तो मीच दिला होता.

निकालानंतर दोन महिन्यांत जादा शिकवून पुनर्परीक्षा घ्यायची, असा नियम आहे. ते दोन महिने म्हणजे उन्हाळी सुट्टी! मी मे महिन्यात तिच्या वस्तीवर जात राहिले, पण प्रत्येक वस्तीला असं कोण जाणार? जूनमध्ये ती पास झाली. तिची आई मात्र अजून विचारते, "बाई, आमच्यामुळंच झालं ना ते?"

— शिक्षिका, बीड

ताई, तुमचं वाचून माझं लिहितो. धडगावकडे पहिलीच्या वर्गावर असताना एका मुलाच्या नोंदीत मी "बोलताना अडखळतो" असं लिहिलं होतं. मूल घरी पावरी ही तिकडची आदिवासी बोली बोलायचं. दुपारी झाडाखाली त्याची बडबड थांबायची नाही. त्याची भाषा मला येत नव्हती, आणि नोंद मात्र त्याच्या नावावर झाली. पुढं मी वर्गातल्याच मुलांकडून पावरी शब्द शिकलो. मग ती नोंद खोडली, पण वर्षभर ती तिथं होती.

आणखी एक कबूल करतो. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, हे तिन्ही रकाने मी बाजारातल्या तयार नोंदींवरून भरलेत. एका वर्षी अकरा मुलांची आवड "चित्रे काढणे" निघाली. मूल रोज बघून लिहायची ही पद्धत मला मनापासून पटते, पण एक शिक्षक, तीन वर्ग आणि वर ऑनलाइन माहिती भरणं, यात बघायला वेळ कुठला?

— शिक्षक, नंदुरबार

आमच्या मुलाला आठवीपर्यंत चांगल्या श्रेणी होत्या. नववीच्या पहिल्या चाचणीत गणितात चाळीसपैकी सहा. घरी बसवून पाहिलं तर अपूर्णांकांची बेरीज येत नाही. हे पाचवीतच कळलं असतं तर आम्ही घरी करून घेतलं असतं. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी सही केली, त्यात हे कुठंच नव्हतं.

— पालक, सातारा

माझा अनुभव उलट आहे, म्हणून लिहिते. मी जुन्या पद्धतीत चौथीत नापास झाले. वडील म्हणाले, "पोरीला काय करायचंय पुन्हा तेच वर्ग." दोन वर्षं घरी होते. आत्यानं भांडून परत शाळेत घातलं. मुलगा नापास झाला की शिकवणी लागते, मुलगी नापास झाली की स्थळं बघायला सुरुवात होते, हे आमच्या भावकीत मी पाहिलंय. पाचवीची परीक्षा ठेवा, पण नापास झालेली मुलगी जूनमध्ये वर्गात दिसते का, एवढं कुणीतरी तिच्या घरी जाऊन बघा.

— अंगणवाडी सेविका, परभणी

मी केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या पदावरून, निवृत्त झालो. पायाभूत चाचणी शिक्षकांनीच घ्यायची, तपासायची, गुणही त्यांनीच भरायचे, आणि आकडा खाली गेला की विचारणा त्यांनाच. साहजिकच आकडे फुगायचे. पाटोद्याकडच्या बैठकीत मीही "टक्केवारी वाढवा" म्हणालो आहे. त्याऐवजी "वजाबाकी कुणाला येत नाही, त्यांची नावं द्या" असं म्हणायला हवं होतं. बीडच्या ताई, त्या मुलीचं पुढं काय झालं?

— निवृत्त केंद्रप्रमुख

सर, ती आता सहावीत, पलीकडच्या गावच्या शाळेत. हंगामी वसतिगृहाच्या यादीसाठी तिचं नाव मी तिथल्या मुख्याध्यापकांकडे देऊन आले. आई "बघू" म्हणाली आहे. दिवाळीला अजून अवकाश आहे, तोवर दर शनिवारी वस्तीवर जाते.

— शिक्षिका, बीड