‘सहिष्णुता’ म्हणजे सोसणं का? फलकासाठी शब्द हवा

अबोली_डिचोली
मंडळी, एका शब्दापाशी दोन दिवस अडून बसले आहे. १६ नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय सहिष्णुता दिन असतो. १९९५ साली त्याच तारखेला युनेस्कोच्या सदस्य देशांनी टॉलरन्सबद्दलचा जाहीरनामा मंजूर केला होता. त्यातला थोडा भाग मराठीत करून इथे गोव्यात आमच्या शाळेच्या फलकावर लावायचा आहे. टॉलरन्स म्हणजे सवलत नव्हे, मेहेरबानी नव्हे आणि लाड पुरवणंही नव्हे, अशा अर्थाचं एक विधान त्यात आहे. तेवढं जमलं. मथळ्याला ‘सहिष्णुता’ लिहिलं. शेजारच्या वर्गाच्या बाई सासष्टीतल्या, ख्रिस्ती. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, “म्हणल्यार तुमी आमकां सोंसतात?” हसतच विचारलं, पण मला ते लागलं. वीस वर्षं आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खातो. सोसायचा प्रश्न कधी आलाच नाही. मग फलकावर काय लिहू?

खांडेपार
बाईंना सांगा, शब्दाचा यात दोष नाही. सह् धातू वेदात ‘जिंकणं, भारी पडणं’ या अर्थानेही येतो. सहस् म्हणजे बळ. अग्नीला ‘सहसः सूनुः’, म्हणजे बळाचा पुत्र म्हटलं आहे. आपलं ‘साहस’ही त्याच घरातलं. त्याला इष्णुच् प्रत्यय लागून सहिष्णु झालं. पाणिनीने सह् धातूचं नाव घेऊन हा प्रत्यय सांगितला आहे (३.२.१३६). तो स्वभाव दाखवतो. महाराजांच्या राजमुद्रेतला ‘वर्धिष्णु’ आठवा: वाढत जाणं हा जिचा स्वभाव, ती मुद्रा. विष्णुसहस्रनामात ‘सहिष्णु’ हे नाव दोनदा आलं आहे. ज्याच्या अंगात बळ आहे त्याचा हा गुण. दुबळा सोसतो, सहिष्णु पेलतो. बिनधास्त लिहा.

बार्देसकार
व्युत्पत्ती मान्य. पण फलक सातवीतला मुलगा वाचणार आहे, त्याला सहसः सूनुः कुठून ठाऊक असणार? आजच्या मराठीत सहिष्णु, सहनशील, सोशिक हे एकाच बाकावर बसतात. ‘सोशिक सून’ म्हणतो तेव्हा तिचं बळ कुणाच्या मनात येतं? माझ्या आईने सोशिक म्हणून कौतुक करून घेत आयुष्य काढलं, म्हणून हा शब्द मला टोचतो. त्या बाईंच्या कानाला जे ऐकू आलं तेच खरं.

खांडेपार
सोशिक आणि सहिष्णु यांत मराठी लेखकांनी शंभर वर्षं फरक पाळला आहे. परमतसहिष्णुता म्हणतात, परमतसोशिकता कुणी म्हणत नाही. वापरात शब्द घसरला म्हणून टाकून द्यायचा असेल, तर भाषेत उरेल काय?

लेथवाला_वेर्णा
मी कारखान्यात फिटर. आमच्याकडे टॉलरन्स हा रोजचा शब्द आहे आणि त्याला मराठीत टॉलरन्सच म्हणतात. ड्रॉइंगवर २५ मिलिमीटरच्या भोकाला एच-सात लिहिलेलं असलं, तर भोक २५.००० पासून २५.०२१ पर्यंत कितीही भरलं तरी जॉब पास. त्यात भोकावर कुणी उपकार करत नाही. दोन जॉब हुबेहूब सारखे निघतच नाहीत हे आधीच धरून ड्रॉइंग काढलेलं असतं. अगदी २५.००० च पाहिजे असा हट्ट धरला तर दिवसभरात एक नग पुढे जाणार नाही. माणसांच्या बाबतीतही मला हाच अर्थ पटतो. फरक राहणार, हे धरूनच मांडणी करायची.

बार्देसकार
लेथवाले, फार चांगलं सांगितलंत. पण एकवीस मायक्रॉनच्या पलीकडचा जॉब तुम्ही रिजेक्टमध्ये टाकता. माणसाचं काय करायचं?

लेथवाला_वेर्णा
मर्यादा तिथेही आहे. शेजाऱ्याचं घर जाळा म्हणणाऱ्याचं मत मी चालवून घेणार नाही. पण देव मानत नाही म्हणणारा, मासे खात नाही म्हणणारा, मला नको त्या पक्षाला मत देणारा, हे सगळे त्या एकवीसच्या आतले.

रायबंदर
अबोलीताई, तुमच्या जाहीरनाम्यात ‘सवलत नव्हे’ असं मुद्दाम का सांगावं लागलं, ते पोर्तुगीजमध्ये लगेच दिसतं. माझे वडील पोर्तुगीज शिकलेले. पोर्तुगालात सणासुदीला सरकारी नोकरांना कामावर न येण्याची मुभा देतात, तिला ‘तोलेरांसिया द पोंतु’ म्हणतात. पोंतु म्हणजे हजेरी. म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेली सूट. युरोपातला हा शब्दच राज्यकर्त्याच्या तोंडचा. आमच्या नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी गोव्यात नंतर घेतलेला मुलूख, अठराव्या शतकात त्यांच्याकडे आल्या आणि तिथली देवळं राहिली, तीही सूटच होती. आधी घेतलेल्या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात तीही नव्हती.

मये_तळे
शब्द शोधायला इतक्या लांब कशाला जाता? आमच्या आईचा एक शब्द होता: पाळणं. वाड्यावर विहीर एकच. पलीकडच्या घरातली ख्रिस्ती मावशी श्रावणी सोमवारी मासे विहिरीवर न आणता आपल्या मागीलदारी साफ करायची आणि ते पाणी माडाच्या आळ्यात ओतायची. गुड फ्रायडेला आमच्या घरात रेडिओ बंद. आम्ही कुरकुरलो की आई म्हणायची, “ती आमचं पाळते, आपण तिचं पाळूया.” मावशीला श्रावण पटत होता असं नाही, आईला क्रूस पटत होता असंही नाही. तरी एकमेकींचं पाळत होत्या. यात कुणी कुणाला सोसत नव्हतं. फलकावर ‘दुसऱ्याचंही पाळूया’ लिहा.

अबोली_डिचोली
मये_तळे, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडेही असंच म्हणत. मी हा शब्द पार विसरले होते.

खांडेपार
भाव सुंदर आहे, शब्द मात्र चुकतोय. व्रत पाळतात, पथ्य पाळतात, सुतक पाळतात. ‘दुसऱ्याचं पाळणं’ हा तुमच्या घरचा प्रयोग झाला. बाहेरचा वाचक विचारेल, काय पाळायचं? शिवाय पाळणं आचाराला लागतं, मताला लागत नाही. मतभेद कसा पाळणार?

मये_तळे
घरचा प्रयोग नाही. मये, डिचोली, साखळी, कुठेही जाऊन विचारा. कोशात नसलं म्हणून मराठी नाही का?

मडगावकर_पुण्यात
सर्वधर्मसमभाव चालणार नाही? तयार शब्द आहे.

बार्देसकार
तो फक्त धर्मापुरता. जाहीरनामा मतांबद्दलही आहे. आणि समभाव म्हणजे सगळं सारखंच वाटलं पाहिजे. मला तसं वाटत नाही, तरी मी भांडत नाही. त्या ‘तरी’साठीच शब्द हवा आहे. मये_तळे म्हणतात ते म्हापशाला रोज दिसतं. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मेरीमाता, या बहिणी. सात बहिणींतली मिराबाई ती हीच, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, हिंदू बायका तेल घेऊन रांगेत असतात. नातं लावलं की शब्द लागतच नाही.

रायबंदर
बहिणींची कथा मलाही प्रिय आहे. पण ती सांगताना मागचं पुसू नका. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चची धर्मचौकशी, इथे १५६० ते १८१२ होतं, मधली चारेक वर्षं सोडली तर. मंगेश कुठ्ठाळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून रातोरात झुवारी ओलांडून फोंड्याकडे गेले. तेव्हा फोंडा विजापूरच्या आदिलशहाकडे होता. म्हणजे आपल्या देवांना आसरा मिळाला तो एका मुसलमान राजाच्या मुलखात. ज्यांनी एवढं भोगलं त्यांच्याच नातवंडांनी पुढे सायबिणीला बहीण म्हटलं. मला हे फार मोठं वाटतं, आणि म्हणून खांडेपार यांचा ‘बळ’ हा अर्थ मला पटायला लागलाय.

सांगेचा_मराठीप्रेमी
विषय निघालाच आहे तर सहिष्णुतेचं दुसरं उदाहरण देतो. १९८७ चा राजभाषा कायदा. राजभाषा कोंकणी, आणि मराठीचा वापरही करता येईल. ‘करता येईल’! तोलेरांसिया द पोंतु ती हीच. ज्या मराठीत आमचं भजन, आमचं नाटक, तिला हजेरीची सूट.

अबोली_डिचोली
दादा, हा वाद इथे नको ना. फलक सोमवारी लावायचाय.

बार्देसकार
सांगेकर, मी घरी कोंकणी बोलतो आणि इथे मराठी लिहितो. दोन्ही माझ्या. तुमचं दुःख कळतं, पण कोंकणीला राजभाषा म्हटल्याने माझ्या मराठीचं काही गेलं नाही.

सांगेचा_मराठीप्रेमी
तुमचं गेलं नसेल. आमच्या गावातल्या मराठी शाळेत मुलं किती उरलीत ते येऊन बघा. सहिष्णुता शिकवायची तर ती आम्हालाच का शिकवता?

रायबंदर
मराठी शाळा ओस पडतात ते इंग्रजीमुळे. कोंकणी शाळांचंही तेच होतंय.

खांडेपार
१९६७ चा कौल आठवतोय का कुणाला? १६ जानेवारी. गोवा महाराष्ट्रात विलीन करायला फूल, वेगळं राहायला दोन पानं. पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या घरी आजोबा फुलाचे, त्यांचे धाकटे भाऊ पानांचे. जेवताना वाद, पंगतीतून ताटावरून उठण्यापर्यंत. निकालाच्या दिवशी धाकटे आजोबा घरात हसले नाहीत. थोरल्या भावासमोर नको म्हणून मागच्या पडवीत जाऊन बसले. मला विड्याचं पान लावायला सांगितलं आणि म्हणाले, “थोरल्याक पयलें दी.”

मये_तळे
मग? धाकट्या आजोबांनी थोरल्यांचं पाळलं की नाही?

खांडेपार
त्याला आम्ही आब राखणं म्हणतो.

मये_तळे
आब राखणं मोठ्यांचा. बरोबरीच्या शेजारणीचा कोण राखतो?

लेथवाला_वेर्णा
अबोलीताई, सोमवारी काय लिहिलंत ते कळवा.