बायोजेनचे अड्युकॅनुमॅब: थांबवलेल्या चाचणीच्या आकड्यांवर पैसे लावणे योग्य होते का?

मूळ मत

अल्झायमरवरील अड्युकॅनुमॅब या औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातील ‘एमर्ज’ आणि ‘एंगेज’ या दोन्ही चाचण्या बायोजेन या अमेरिकी औषध कंपनीने मार्च २०१९ मध्ये, यशाची आशा उरली नाही म्हणून थांबवल्या आणि शेअर एका दिवसात सुमारे २९ टक्क्यांनी कोसळला. ऑक्टोबरमध्ये त्याच कंपनीने, अधिक माहिती हाती आल्याचे सांगून, मंजुरीसाठी अर्ज करण्याचे जाहीर केले, तेव्हा शेअर सुमारे २६ टक्क्यांनी उसळला. त्या दिवशीच्या खरेदीदारांनी आकड्यांच्या सोयीस्कर वाचनावर पैसे लावले, असे माझे ठाम मत आहे. ‘एमर्ज’मध्ये जास्त डोस घेणाऱ्यांचा स्मृती व दैनंदिन क्षमतांचा ऱ्हास प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली डोसच्या) तुलनेत २२ टक्क्यांनी मंदावला हे खरे, पण १८ गुणांच्या मापनश्रेणीवर तो फरक ०.३९ गुणांचा होता आणि तशाच आखणीच्या ‘एंगेज’मध्ये जास्त डोसचा काहीच लाभ दिसला नाही. दोन जुळ्या साक्षीदारांपैकी अनुकूल बोलणाऱ्याचेच ऐकायचे, हा न्याय मला मान्य नाही.

प्रतिसाद

मी असहमत आहे. मार्च २०१७ मध्ये आराखडा बदलून, एपीओई४ (अल्झायमरचा धोका वाढवणारे) जनुक असलेल्या रुग्णांचा डोस शरीराच्या दर किलो वजनामागे ६ मिलिग्रॅमवरून १० करण्यात आला आणि ‘एंगेज’मधील रुग्णभरती पुढे असल्याने तिच्यातील कमी रुग्णांना पूर्ण डोस दीर्घकाळ मिळाला. शिवाय चाचण्या थांबवण्याचा हिशेब डिसेंबर २०१८ पर्यंतच्या माहितीवर आणि दोन्हींचे निकाल सारखेच येतील या गृहीतकावर बेतलेला होता. पुढे २०२२ मध्ये लेकॅनेमॅब या तशाच प्रकारच्या दुसऱ्या औषधाने ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावल्याचे दाखवले, म्हणजे मेंदूत साचणारे अमिलॉइड हे प्रथिन काढण्याची दिशा चुकीची नव्हती. जून २०२१ मध्ये मंजुरी मिळाली त्या दिवशी शेअर सुमारे ३८ टक्क्यांनी वाढला; गुंतवणूकदार खात्रीवर नव्हे, शक्यतेवर पैसे लावतो आणि ही शक्यता खरी ठरली.

मूळ मतकर्त्याचे उत्तर

डोसचे स्पष्टीकरण शक्य आहे, पण ते निकाल पाहिल्यानंतर सुचलेले आहे आणि अशा स्पष्टीकरणाची कसोटी नव्या चाचणीतच लागते. ‘एमर्ज’ला परिणामकारकतेचा मुख्य पुरावा मानावे का, या प्रश्नावर नोव्हेंबर २०२० मध्ये एफडीए या अमेरिकी औषध नियामकाच्या सल्लागार समितीतील दहा जणांनी नकार दिला, एक जण अनिश्चित राहिला, होकार एकाचाही नव्हता. लेकॅनेमॅब हा वेगळा रेणू आहे; त्याने आपले यश स्वतःच्या, आधी ठरवलेल्या निकषावर मिळवले, ते उसने घेता येत नाही. मंजुरीच्या दिवशी झालेला नफा हा नियामकाच्या मनाचा अंदाज बरोबर आल्याचा नफा होता.

आणखी एक प्रतिसाद

आपण दोघेही पैसे कोण भरणार हे विसरत आहात. वर्षाला ५६,००० डॉलर किंमत, जास्त डोस घेणाऱ्यांपैकी सुमारे ३५ टक्के रुग्णांच्या स्कॅनमध्ये मेंदूला सूज आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा एमआरआय, हे सारे पाहून रुग्णालयेही कचरली. २०२१ मध्ये विक्री जेमतेम ३० लाख डॉलर झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये मेडिकेअरने (अमेरिकेतील ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने) खर्चाची भरपाई चाचण्यांतील रुग्णांपुरती मर्यादित केली. मंजुरी म्हणजे मिळकत नव्हे.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

विक्रीचा मुद्दा मी मान्य करतो. मंजुरीनंतर शेअर धरून ठेवणाऱ्यांचा हिशेब तिथेच चुकला. डोसबाबत मात्र माझे मत कायम आहे. त्याचा निवाडा करू शकणारी ‘एनव्हिजन’ ही चाचणी, जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने औषधच सोडून दिले तेव्हा, अर्ध्यावर बंद झाली.