पद्मिनीच्या दाराला भोक पाडावं का?

पद्मिनीवाला: घरी 1976ची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांनी जपलेली. बाहेर एकही आरसा नाही. आतल्या आरशात मागच्या काचेतून दिसेल तेवढंच जग. बाबांचं त्यावर भागलं, कारण तेव्हा खिडकीतून हात काढला की मागचा थांबायचा. आज सिंहगड रोडवर मी हात बाहेर काढला तर तो धड आत येईल याची खात्री नाही. माझं मत सरळ आहे: उजव्या दाराला भोक पाडून आरसा बसवावा. बाबांना विचारलं तर पेपर वाचत बसतात. तुम्ही सांगा.

रेड_ऑक्साइड: अजिबात नको! गाडीची पन्नाशी आली. 2021च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात फेरफार चालत नाही. आरशाच्या भोकाला फेरफार म्हणायचं की नाही, हे तपासणाऱ्या साहेबाच्या मनावर. त्याहून मोठं दुखणं गंजाचं. त्या भोकातून पाणी दारात उतरतं आणि दार खालून सडतं. दोन पावसाळ्यांत पत्र्याला पोपडे. दाराच्या कडेला पकडून बसणारा क्लॅम्पचा आरसा लावा, भोक नको.

पद्मिनीवाला: ‘व्हीए’ नंबरची गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोज वापरता येत नाही. मला तिच्यातून मंडईत जायचंय. तो नंबर घेऊन गाडीला ओवाळत बसू का?

खंबाटकी: क्लॅम्पवाल्यांना माझा नमस्कार. मी वर्षभर वापरलाय. घाटात गाडी जरा तापून आवाज करू लागली की आरसा असा थरथरतो, की मागून ट्रक येतोय की देऊळ, कळत नाही. दार जोरात लावलं की आरसा आकाशाकडे. आणि क्लॅम्पच्या जबड्यानेही रंग जातोच की.

भोक पाडा, पण नीट पाडा. आधी ड्रायव्हरची सीट नेहमीच्या जागी आणा, नेहमीसारखे बसा आणि दुसऱ्याला बाहेर आरसा धरून उभं करा. पद्मिनीच्या पुढच्या दाराला ती त्रिकोणी काच आहे. आरसा चुकीच्या जागी आला तर तिची उभी पट्टी बरोबर आरशाच्या मध्ये येते आणि अर्धा आरसा फुकट. त्रिकोणी काच उघडून ती आरशाच्या दांडीला अडत नाही ना, तेही बघा. मग दाराचं आतलं कव्हर काढा, मोठी काच वरखाली करून ती कुठून जाते ते पाहा. ड्रिल आरपार गेलं आणि काच फुटली अशी एक गाडी आमच्या गल्लीतच आहे. आधी 3 मिमीचं भोक, मग मोठं. कडेला लगेच रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा रंग, बाहेरून रबराची गादी, आतून पत्र्याची पट्टी आणि वायसर. नुसते पत्र्यात आवळलेले स्क्रू सहा महिन्यांत ढिले होतात. आणि आरसा ज्यावर फिरतो तो गोळा ढिला होऊन हलत असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये घाला. हसू नका, चालतं.

ओसाकाकर: दार कशाला? मडगार्डवर बसवा. इथे जपानमध्ये 1983पर्यंत आरसा मडगार्डवरच असावा असा नियम होता, टॅक्सीवाल्यांनी तर पुढेही तसेच ठेवले. मान वळवावी लागत नाही. शिवाय तो दिसतो पुढच्या काचेतून, जिथे वायपर फिरतो. कोकणातल्या पावसात बाजूच्या काचेवर थेंबच थेंब असताना दारावरचा आरसा काय दाखवणार?

खंबाटकी: पावसाचं मान्य. बाकी हिशेब करा. दारावरचा आरसा डोळ्यापासून साधारण 70 सेंमीवर, मडगार्डवरचा दीड मीटरच्या पुढे. 12 सेंमी रुंदीची सपाट काच दारावर 10 अंशांच्या आसपास दाखवेल, मडगार्डवर जेमतेम 4. मग फुगीर काच लावावी लागते, आणि तिच्यात मागचा ट्रक लहान आणि लांब दिसतो. आणि पार्किंगमध्ये एखाद्या पोराने तो फिरवला की बसा: उतरा, फिरवा, परत बसा, परत उतरा.

ओसाकाकर: पोरं दारावरचाही फिरवतातच.

खंबाटकी: तो खिडकीतून हात घालून सरळ करता येतो!

डावीकडून_स्कूटर: उजव्या आरशावर भांडताय, मला डावीकडून दोघे रोज ओव्हरटेक करून जातात. डावाही बसवा. आणि बसवल्यावर लावायचा कसा? मी वाचलंय ते असं: डोकं उजव्या काचेला टेकवायचं आणि आपल्या गाडीची बाजू दिसेनाशी होईपर्यंत उजवा आरसा बाहेर वळवायचा. डाव्यासाठी दोन सीटच्या मध्ये झुकायचं.

रेड_ऑक्साइड: आजच्या गाडीला ते ठीक. तिचे बाजूचे आरसे फुगीर आणि मोठे असतात. आमच्या छोट्या सपाट काचेत तसं केलं तर आतला आरसा संपतो तिथे बाहेरचा सुरूच होत नाही, मधल्या पट्ट्यात अख्खी रिक्षा मावते. स्वतःच्या गाडीची कड बोटभर दिसू द्यावी.

डावीकडून_स्कूटर: भोक नको म्हणणारे आरसा कसा लावायचा ते शिकवतायत!

रेड_ऑक्साइड: क्लॅम्पचा आरसाही लावावाच लागतो. शंका असेल तर गाडी उभी करा, कुणाला तरी सायकल घेऊन मागून दारापर्यंत चालवा. जिथे तो दोन्ही आरशांतून नाहीसा होतो, तिथे तो दिसेल एवढा आरसा हलवा.

पद्मिनीवाला: काल आईला आरसा धरून उभं केलं. पहिल्या जागेवर ती पट्टी बरोबर मध्ये. दोन इंच मागे सरकवला, तर शेजारच्यांची स्कूटी पूर्ण दिसली. दारावर खूण केलीय. बाबा खाली आले, खुणेवर बोट फिरवलं, काही बोलले नाहीत, वर गेले. ड्रिल रविवारी.

रेड_ऑक्साइड: खूण पेन्सिलनेच केलीय ना?