कुरळ्या केसांचं हवापाणी : तुमचे अनुभव लिहा

ठाणे

गेल्या महिन्यात आम्ही घर बदललं. बाथरूमचं कपाट रिकामं करताना अर्धवट वापरलेल्या बाटल्या निघाल्या. मोजल्या तर १७! शांपू, कंडिशनर, सीरम, जेल, मूस. यातली प्रत्येक बाटली कुणीतरी मनापासून सुचवली म्हणून आणलेली, आणि सुचवणारीचे केस खरोखर छान झालेले मी डोळ्यांनी पाहिले होते. पुण्याच्या मावसबहिणीला लागू पडलेलं जेल ठाण्याच्या जुलैत दुपारपर्यंत चिकट व्हायचं आणि केस दुप्पट फुलायचे. बहिणीचं चुकलं नव्हतं आणि जेलचंही नाही. तिच्याकडची हवा वेगळी, माझ्याकडची वेगळी.

म्हणून हा धागा काढते आहे. विनंती एवढीच, की नुसतं 'अमुक क्रीम मस्त आहे' असं लिहू नका. तुमच्याकडे हवा दमट की कोरडी, पाणी नळाचं की बोअरचं, केस जाड की बारीक, तेही लिहा. फसलेले प्रयोग तर आवर्जून लिहा. आपले केस ३ए की ३बी हे ठाऊक नसेल तरी चालेल. ऑप्रा विन्फ्रीचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी लावलेलं ते केसांच्या कुरळेपणाचं वर्गीकरण आहे, पण माझ्या एकाच डोक्यावर त्यातले तीन प्रकार नांदतात.

आधी माझं सांगते. कॉलेजपासून १२ वर्षं रोज सकाळी स्ट्रेटनर. घाईत अर्धवट ओल्या केसांवरूनही फिरवायचे. चर्र आवाज यायचा, वाफ निघायची. केसाच्या आतलं पाणी आतच उकळतं, त्याचे बुडबुडे होतात आणि तिथेच केस तुटतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. कानामागे दोन बोटं लांबीचे केस ताठ उभे राहायचे. मी समजायचे, नवे केस येताहेत.

स्ट्रेटनर बंद करून आता दोन वर्षं झाली. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका गोष्टीचा: केस ओले होतात तेव्हा त्यातले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. म्हणजे वाळताना बट जशी असेल तशीच ती राहते. त्यामुळे विंचरायचं ते न्हातानाच, कंडिशनर लावलेल्या केसांत, रुंद दातांच्या कंगव्याने, खालून वर. मग पाणी निथळत असतानाच जेल लावायचं, मुठीत बटा खालून वर दाबायच्या आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक लागतात. तळहातावर तेलाचा एक थेंब घेऊन चुरगाळले की मऊ होतात. टर्किश टॉवेल सोडून दिला. सासऱ्यांचा जुना सुती पंचा त्याहून कितीतरी चांगला, बटा अजिबात ओरबाडल्या जात नाहीत.

आणि ग्लिसरीन. बाटलीवरच्या यादीत पहिल्या चार-पाच नावांत ते असेल तर जून ते सप्टेंबर मी ती बाटली कपाटात ठेवते. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं आणि आमच्याकडे पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. दिवाळीनंतर तीच बाटली गुणाची.

नागपूर

ताई, आमच्याकडे उलटा प्रकार आहे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि हवा ठणठणीत कोरडी, पण घरात कूलर. बाहेर केस काडीसारखे होतात आणि घरात आले की अर्ध्या तासात फुलतात. दिवसातून चार वेळा हवा बदलते म्हणा ना.

मी बाजारातली तीन जेल वापरून शेवटी जवसावर आले. विदर्भात जवस घरोघरी असतोच, आम्ही चटणी करतो. दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी, मध्यम आच. सतत ढवळायचं, नाहीतर बुडाला धरतो. आठ-दहा मिनिटांत पांढरा फेस येतो, मग पाणी जड वाटायला लागतं. चमचा वर उचलून बघायचा. थेंब सुटा पडला तर थांबा, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबली की लगेच गॅस बंद. लगेच म्हणजे लगेच, आणि गरम असतानाच गाळायचं. गार होऊ दिलं तर ते कपड्यातून उतरतच नाही. मी पहिल्यांदा पूर्ण भांडं असंच फेकलं. जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा गाळायला उत्तम. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून द्यायचं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं तर दर न्हाण्याला दोन खडे काढता येतात.

माझे केस बारीक आणि विरळ आहेत. त्यांना क्रीमने भार होतो, या जेलने होत नाही.

लातूर

मी पाण्याबद्दलच लिहिते, कारण माझं सगळं दुखणं तिथेच होतं.

आमचं बोअरचं पाणी. बादलीच्या कडेला पांढरा थर, नळाच्या तोटीवर खडूसारखी खपली. तोच थर केसांवरही बसतो. केस धुऊनही न धुतल्यासारखे, बटा निर्जीव, शांपूला फेस नाही. मी दोन वर्षं कंडिशनर बदलत बसले. मग कुणीतरी सांगितलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आधी काढावे लागतात. त्यासाठी ईडीटीए असलेला शांपू मिळतो. महिन्यातून एकदा तो वापरते. शेवटचे दोन तांबे आरओच्या पाण्याचे, त्यात एक चमचा व्हिनेगर. आरओचं पाणी केसांवर ओतायचं हे जिवावर येतं. आम्ही टँकरची वाट बघत दिवस काढलेली माणसं आहोत. म्हणून आता त्या मशीनमधून वाया जाणारं पाणी साठवून फरशी पुसायला घेते आणि केसांसाठी मोजून दोनच तांबे.

कोल्हापूर

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? माझे केस दाट कुरळे. लहानपणापासून न्हाव्याकडे गेलं की 'बारीक करून टाकू' हेच ऐकलं. २८ व्या वर्षी पहिल्यांदा वाढवले. बहिणीच्या ड्रायरला डिफ्यूझर आहे, म्हणजे तोंडाला बसणारी बोटंवाली ताटली. मान खाली घालून बटा त्या ताटलीत ठेवायच्या, हवा कमी, उष्णता मध्यम, आणि ड्रायर हलवायचा नाही. साधा ड्रायर सरळ मारला की सगळ्या बटा विस्कटतात. महागड्या ड्रायरची गरज मला तरी वाटली नाही, ताटली असली म्हणजे झालं. अराटा कंपनीचं जवसाचं जेल वापरतो. पंचगंगेच्या बाजूला पावसाळ्यात जी हवा असते त्यात ते संध्याकाळपर्यंत टिकतं.

पुणे

मी औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे बाटलीवरची यादी वाचायची सवय आहे. पण स्वतःच्या वेळी वाचली नाही.

भावाच्या लग्नाआधी एका पार्लरमध्ये केसांचं 'स्मूदनिंग' केलं, म्हणजे क्रीमने केस सरळ करून घेतले. यात फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन नाही, अगदी सुरक्षित, असं सांगितलं. क्रीम लावून वरून तापलेली इस्त्री. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, घसा धरला. करणारी मुलगीही तोंडाला रुमाल बांधून खोकत होती. चार महिने केस रेशमासारखे दिसले, हे खरं आहे. मग मुळाशी माझे कुरळे केस यायला लागले, खाली सरळ, आणि जिथे दोन्ही भेटतात त्या रेषेवर केस तुटू लागले. न्हाणीघराच्या जाळीवर रोज पुंजका.

नंतर वाचलं. ज्यात फॉर्मल्डिहाइड नसतं त्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं, आणि तापवलं की त्यातूनही फॉर्मल्डिहाइड निघू शकतं. २०२४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीबद्दल लिहिलं. तिने तीनदा असे केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. त्या क्रीममध्ये हे ॲसिड होतं. उंदरांवर करून पाहिलं तर मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. प्रत्येकीला असं होईल असं मी म्हणत नाही. पण क्रीम डोक्याला लावण्याआधी डबा हातात मागून घ्या आणि यादी वाचा. दाखवायला कुणी तयार नसेल तर उठून या. हे मी हात जोडून सांगते आहे.

सातारा

शिकेकाईचं थोडक्यात. पूड तशीच डोक्याला लावू नका, कुरळ्या केसांतून ती निघत नाही, दोन दिवस झटकत बसावं लागतं. शेंगा रात्री भिजवून, सकाळी उकळून, गाळून घ्या. रिठा घातला तर अगदी थोडा. माझे केस त्याने खरखरीत झाले. आवळकाठी आणि नागरमोथा चालतो.

म्हापसा

गोव्यात जन्म गेला, त्यामुळे खोबरेल तेलाला नावं ठेवलेली मला सहन होत नाहीत. मध्यंतरी सगळीकडे ऐकू यायला लागलं की तेलाने कुरळे केस बिघडतात. मी दीड वर्ष तेल बंद करून पाहिलं, केस कोरडे पडले ते पडलेच. पुन्हा सुरू केलं, पण वेळ बदलली. न्हाऊन झाल्यावर चोपडण्याऐवजी न्हाण्याआधी तासभर, तेही टोकांना जास्त आणि टाळूला कमी.

मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेत रेळे आणि मोहिले यांनी केलेलं काम २००३ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल लावून केसांतून किती प्रथिनं निघून जातात ते मोजलं. ही गळती कमी झाली ती फक्त खोबरेलाने, कारण ते केसाच्या आत शिरतं. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनच मी ते वाचलं. पण माझी आजी घाण्यावरून तेल आणून हेच करायची, आणि तिच्या अखेरपर्यंत तिचा अंबाडा माझ्या मुठीत मावत नसे.

सांगली जिल्हा

जेल-क्रीमचं सगळं वाचलं, छान वाटलं. माझं थोडं वेगळं आहे, पण कुरळ्या केसांचंच आहे म्हणून लिहिते.

माझ्या थोरल्या आत्याचे केस दाट, कुरळे. बाळंतपणात आजारी पडली, महिना-दीड महिना फणी लागली नाही. मागे मानेजवळ गाठ झाली. कुरळ्या केसांत ती होणारच. पण शेजारणीने पाहिलं आणि म्हणाली, यल्लम्मा आली, आता फणी लावू नका. घरातल्यांनी हळद-कुंकू वाहिलं. पुढची १४ वर्षं त्या गाठीची जट होत गेली. कुशीवर झोपता यायचं नाही, मान धरायची, उन्हाळ्यात आतून खाजायचं. तिला लग्नाकार्यात पुढे बसवायचे, आणि रात्री ती मान शेकत बसायची.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या घरी आल्या. पहिल्या खेपेला आत्याने दारच उघडलं नाही. तिसऱ्या खेपेला तयार झाली. कात्रीने कापताना ती सारखी विचारत होती, काही होणार नाही ना गं? जट खाली पडली तेव्हा मी उचलून पाहिली, ओल्या दोरखंडासारखी जड होती. मग आत्या न्हाणीत गेली आणि टाळूवर तांब्यामागून तांब्या ओतत राहिली. आम्ही बाहेर उभ्या, आतून नुसता पाण्याचा आवाज.

आता तिचे केस खांद्यापर्यंत आलेत, तसेच कुरळे. मी तिला कंडिशनर लावून बोटांनी गुंता सोडवायला शिकवलं. साधंच वापरतो, किराणा दुकानातलं. गावाकडे कुणाच्या लेकीचे केस असे गुंतत असतील, तर गाठ लहान असतानाच तेल किंवा कंडिशनर लावून सोडवा.

ग्लासगो

सांगलीच्या ताईंचं वाचून काही वेळ काही लिहिता आलं नाही.

मी पाण्याबद्दल एक भर घालते. लंडनमध्ये सहा वर्षं होते. तिथलं पाणी चुनखडीच्या भागातून येतं, किटलीत लातूरच्या ताई म्हणतात तसाच पांढरा थर. नोकरीसाठी ग्लासगोला आले. इथलं पाणी लॉख कॅट्रिन तळ्याचं, अगदी मृदू. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या बटा सुट्या दिसायला लागल्या. शांपू तोच, जेल तेच, कापणारीही अजून शोधलेली नव्हती. उलट इथे शांपू निम्माच लागतो, आधीइतका घेतला तर फेस जाता जात नाही.

नाशिक

मुलीसाठी विचारते आहे. सहा वर्षांची आहे. रविवारी न्हायला घालायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून रडते. शाळेत दोन घट्ट वेण्या लागतात. मी कोरडे केस विंचरायचे, ते चुकत होतं हे आता इथे वाचून कळलं. जेल इतक्या लहान मुलीला लावावं का?

ठाणे

अगं, जेलचं राहू दे. आधी फक्त कंडिशनर आणि बोटं. केस ओले करून भरपूर कंडिशनर लाव, चार भाग कर, एकेक भाग खालच्या टोकापासून सोडव. ज्या भागावर काम करते आहेस त्याचं मूळ एका हाताने धरून ठेव, म्हणजे ओढ टाळूला लागत नाही. घट्ट वेण्यांनी कपाळावरचे केस मागे सरकतात, तेव्हा शाळेत सैल वेण्यांसाठी विचारून बघ. रात्री उशीला सॅटिनचा अभ्रा, जुन्या ब्लाऊजच्या अस्तराचा शिवलास तरी चालेल.

नाशिक

ताई, काल केलं. ४० मिनिटं लागली. मूळ धरून ठेवायचं तुम्ही सांगितलंत ना, ते फार उपयोगी पडलं. एकदाच 'आई गं' म्हणाली. वाळेपर्यंत हात लावायचा नाही असं सांगितलं तर दोन्ही हात पाठीमागे धरून घरभर फिरत होती. आज शाळेत वेण्याच आहेत, पण सैल. बाईंनी हरकत घेतली नाही.