पालकांना वाचनालयात आणा, पहारेकरी म्हणून नको

शाईचा_डाग: काल एका ताईंनी सुचवलं की शाळेच्या ग्रंथपालांनी दर महिन्याला पालकांना यादी पाठवावी, मुलाने कोणती पुस्तकं नेली आणि कधी परत केली याची. म्हणे पालकांचा सहभाग वाढेल. सहभाग नाही हो, पाळत वाढेल! १४ वर्षांचं पोर वयात येण्याबद्दलचं, नैराश्याबद्दलचं पुस्तक नेतं, ते घरी विचारायची सोय नसते म्हणूनच. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या १९३९च्या आचारसंहितेतसुद्धा वाचकाची खाजगी माहिती गुप्त ठेवा असं होतं. पालकांना गुंतवायचंच असेल तर त्यांच्या नावाचं कार्ड काढा, त्यांनाही पुस्तकं नेऊ द्या.

दोन_पोरांची_आई: ती ताई मीच. मुलगा काय वाचतो हेच कळलं नाही तर त्याच्याशी बोलू काय? ‘अभ्यास झाला का’ एवढंच? ‘पिसा’ या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०१८च्या पाहणीत १५ वर्षांच्या जवळजवळ निम्म्या मुलांनी सांगितलं, गरज पडली तरच वाचतो. आणि कार्डाचं म्हणाल, तर वाचनालय उघडं असतं तेव्हा मी ऑफिसात असते.

शाईचा_डाग: ती निम्मी मुलं काय यादी घरी गेली नाही म्हणून वाचत नाहीत? आमच्या शाळेत कोणी काय नेलं ते भर वर्गात मोठ्याने वाचून दाखवायचे. एकदा सगळे हसले. पुढे शाळा संपेपर्यंत मी थोरांची चरित्रंच नेली आणि न उघडता परत केली. रजिस्टरमध्ये मी आदर्श वाचक!

जुनी_वही: मी शाळेत ग्रंथपाल आहे. यादीवर भांडा खुशाल, पण आधी माझा तास मला मिळू द्या. कोणी रजेवर गेलं की बदलीवर मी. परीक्षा आली की वाचनाचा तास गणिताला. पालकसभा वाचनालयातच भरते, पण सगळे कपाटांकडे पाठ करून गुणांवर बोलतात. आजवर एकाही पालकाने कपाट उघडायला सांगितलेलं नाही.

गणितवाला: झालं, घसरली गाडी गणितावर! जादा तास आम्हाला वरून येतो. निकाल घसरला की पालक ग्रंथपालांकडे जातात की माझ्याकडे? शाब्दिक उदाहरणं मुलांना नीट वाचताच येत नाहीत, त्यात आमचा काय दोष?

जुनी_वही: वाचता येत नाही म्हणून वाचनाचाच तास घ्यायचा. वा!

गणितवाला: टोमणे नकोत. घ्या तुमचा तास परत, मुख्याध्यापकांना तुम्हीच सांगा.

जुनी_वही: सांगितलंय. ‘बघू’ म्हणाले.

दोन_पोरांची_आई: तुमचं संपलं असेल तर मूळ मुद्द्यावर या. पालकसभेच्या दिवशी कपाटं उघडी ठेवा, मी पुस्तक नेईन. यादीचं राहू द्या, एवढं रामायण होणार असेल तर. पण उशिराचा दंड मीच भरते, तेव्हा पुस्तकाचं नाव कळेलच की.

जुनी_वही: दंडाच्या पावतीवर फक्त पुस्तकाचा दाखल क्रमांक असतो.

दोन_पोरांची_आई: मग क्रमांकावरून शोधेन.