मदत हवी आहे: 'बिटर एंड'ला मराठीत काय म्हणाल? (आणि शेवटाबद्दलचे आणखी काही इंग्रजी शब्द)

कोरीपाटी

नमस्कार मंडळी,

माझे मामेसासरे मर्चंट नेव्हीत होते. निवृत्तीनंतर त्यांनी दोन जाड वह्यांमध्ये आठवणी लिहून ठेवल्या, पण इंग्रजीत. ते आता नाहीत. मामींना इंग्रजी वाचता येत नाही आणि "त्यांनी काय लिहिलंय ते मला कळायला हवं" हा त्यांचा हट्ट आहे. म्हणून मराठीत उतरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी शाळेत भूगोल शिकवते. अनुवादाशी माझा संबंध एवढाच, की वर्गात अक्षांश-रेखांश समजावताना दोन्ही भाषांत तारांबळ उडते.

बाकी पुष्कळसं जमतंय. अडतंय ते शेवटाशी. कांडल्याबाहेर वादळात नांगर धरेना त्या प्रसंगात ते लिहितात, की साखळी 'टू द बिटर एंड' सुटली. मी इमानेइतबारे लिहिलं, "साखळी कडू शेवटापर्यंत गेली." मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि घरात अर्धा तास हसणं चाललं. पुढे चाळीसेक पानांनंतर एक सहकारी इस्पितळात आहे आणि हे त्याच्याजवळ 'टू द बिटर एंड' बसून राहिले. तिथे मात्र कोणाला हसू येत नाही. शब्द तेच, मग मराठीत दोन्हीकडे एकच लिहायचं का?

आणखी आहेत. माल चढवायच्या 'डेडलाइन'बद्दल त्यांनी लिहिलंय, "आमच्या डेडलाइनने कोणी मरत नसे, एवढंच सुख." हा विनोद मला कळला नाही. एका कॅप्टनमुळे ते 'एंड ऑफ माय टेदर'ला आले होते. एका जुन्या जहाजाची भंगारात जाण्याआधीची सफर म्हणजे तिचं 'स्वान साँग'. आणि वहीचं पहिलंच वाक्य असं, की माझी सुरुवात टर्मिनसवर झाली. (मुंबईला उतरले ते व्हीटीला.)

शब्दकोश अर्थ देतो, पण हे शब्द आले कुठून ते सांगत नाही, आणि ते कळल्याशिवाय मला नीट लिहिता येईलसं वाटत नाही. जाणकारांनी मदत करावी.

नाखवा_निवृत्त

ताई, कडू शेवट वाचून मीही हसलो, पण तुमची चूक नाही. निम्मे इंग्रजसुद्धा तसंच समजतात.

हा शब्द आमच्या धंद्यातला आहे. जुन्या लाकडी जहाजांच्या डेकवर जाडजूड खुंट रोवलेले असत, त्यांना 'बिट्स' म्हणत. नांगराचा दोर या खुंटांना वेढे देऊन बांधायचा. अशा एका वेढ्याला 'बिटर', आणि दोराचं जे टोक समुद्रात न जाता जहाजातच राहतं ते 'बिटर एंड'. कॅप्टन जॉन स्मिथने 1627 सालच्या 'सी ग्रामर'मध्ये हा अर्थ नोंदवून ठेवलाय. हा तोच स्मिथ, अमेरिकेत जेम्सटाउन वसवणाऱ्यांतला.

शब्द आजही मेलेला नाही. आता दोराच्या जागी साखळी आली, पण चेन लॉकरच्या (साखळी ठेवायच्या कोठीच्या) आत जहाजाला अडकवलेल्या तिच्या शेवटच्या टोकाला आम्ही बिटर एंडच म्हणतो. साखळी शॅकलमध्ये मोजतात. एक शॅकल म्हणजे पंधरा फॅदम, 90 फूट. माझ्या एका जहाजावर दर बाजूला दहा शॅकल होते. ती सगळी 900 फूट साखळी धडधडत बाहेर गेली तर काय उरतं? ते टोक आणि तुमचं नशीब. अमेरिकन नौदलात शेवटून दुसरा तुकडा पिवळा आणि शेवटचा लाल रंगवतात, म्हणजे लाल दिसलं की समजायचं, मागे आता काही नाही. ते टोक बाहेरून चटकन सोडता येईल असंच बसवलेलं असतं, कारण कधी कधी नांगर-साखळी समुद्राला देऊन जहाज वाचवावं लागतं.

तेव्हा तुमच्या मामेसासऱ्यांनी कांडल्याला जे लिहिलं, त्यात अलंकार वगैरे काही नाही. साखळी खरोखरच त्या टोकापर्यंत गेली होती. तो माणूस त्या रात्री किती घाबरला असेल ते मला कळतंय.

शब्दखूळ

नाखव्यांशी सहमत, पण अर्धाच. इस्पितळातल्या वाक्यात कडवटपणा आहेच, आणि तो उगाच आलेला नाही. बायबलच्या नीतिसूत्रांत पाचव्या अध्यायात परस्त्रीबद्दल म्हटलंय, की तिचा शेवट 'वर्मवुड'सारखा कडू असतो. वर्मवुड म्हणजे आपल्या दवण्याच्या गोतातलं झुडूप. 1611 चं इंग्रजी बायबल घरोघरी वाचलं जायचं, त्यामुळे 'एंड' आणि 'बिटर' लोकांच्या कानात एकत्र बसलेच होते. खलाशांचं टोक आणि बायबलचा कडूपणा एकमेकांत मिसळले. म्हणूनच तुम्हाला एक शब्द दोन ठिकाणी दोन चवींचा लागतोय.

अवांतर: 'एंड' हा शब्द आपल्या 'अंत'चा भाऊबंद आहे. दोन्ही एकाच जुन्या मुळातून आले.

आगाऊ_कार्टी

मग दोन्हीकडे 'अंतापर्यंत' लिहा की! भाऊबंदच आहेत म्हणे.

शब्दखूळ

@आगाऊ_कार्टी, भाऊबंद असले तरी वाटण्या झाल्यात. इंग्रजीत दोरीचंही 'एंड' असतं आणि आयुष्याचंही. मराठीत दोरीला टोक असतं, गोष्टीला शेवट असतो आणि अंत आला की माणसं आवाज खाली आणतात. कोरीपाटी यांची गोची इथे आहे. त्यांच्या वहीतले बहुतेक 'एंड' मुळात टोक आहेत आणि त्या सगळ्यांचा शेवट करायला निघाल्यात.

'टेदर'च घ्या. टेदर म्हणजे चरायला सोडलेल्या जनावराचं दावं. खुंटीभोवती पोचतं तेवढं गवत खाऊन झालं, पुढचं हिरवं दिसतंय, पण दावं ताणून संपलं. त्या जनावराची जी अवस्था, ती कॅप्टनसमोर तुमच्या सासऱ्यांची. मराठीत 'मेटाकुटीला आलो' लिहा, झक्क बसेल. दाव्याचं चित्र हवंच असेल तर 'दावं पार ताणलं गेलं होतं' असंही म्हणता येईल, पण मग कॅप्टन धनी आणि हे बैल असा अर्थ निघतो. निघू द्यावा का ते तुम्ही ठरवा.

खिळेजुळारी

डेडलाइनचा विनोद मी सांगतो, पण तो हसण्यासारखा नाही.

अमेरिकन यादवी युद्धात जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथे दक्षिणेने युद्धकैद्यांचा तळ उभारला, फेब्रुवारी 1864 मध्ये. उंच ओंडक्यांची तटबंदी, आणि तिच्या आत सुमारे 19 फुटांवर खांबांवर ठोकलेल्या फळ्यांचं ठेंगणं कुंपण. त्या कुंपणाला 'डेड लाइन' म्हणत. कैद्याने ते ओलांडलं, नुसता हात पलीकडे घातला तरी वरचा पहारेकरी गोळी घालायचा. वर्ष-सव्वा वर्षात तिथे सुमारे 45,000 कैदी आले आणि जवळजवळ 13,000 मेले. त्यातले गोळीने फार थोडे. बाकीचे हगवण, स्कर्व्ही आणि उपासमारीने. युद्ध संपल्यावर तळाचा प्रमुख हेन्री वर्झ याच्यावर खटला चालला, त्यात या रेषेचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. 10 नोव्हेंबर 1865 ला त्याला फाशी दिलं.

वेळेच्या मुदतीचा अर्थ विसाव्या शतकात अमेरिकन वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत रूढ झाला. छपाईयंत्रावरच्या एका रेषेलाही हेच नाव होतं. खिळे (अक्षरांचे धातूचे ठसे) तिच्या बाहेर गेले की छापले जायचे नाहीत. माझी हयात खिळे जुळवण्यात गेली, त्यामुळे मला हा दुसरा अर्थ जास्त प्रिय, पण तुमच्या सासऱ्यांच्या मनात पहिलाच असणार. "कोणी मरत नसे" हे उगाच नाही लिहिलेलं.

मराठीत 'मुदत' हा चांगला शब्द आहे. 'अंतिम मुदत' लिहू नका. मुदत अंतिमच असते. वर्तमानपत्रात ती चार वेळा वाढते, हा भाग वेगळा.

कोरीपाटी

बाप रे. मी हा शब्द रोज स्टाफरूममध्ये वापरते.

खिळेजुळारी काका, मुदत लिहिली तर विनोद मरतो. मी 'डेडलाइन' तसंच ठेवून आधीच्या वाक्यात त्या कुंपणाचा दोन ओळींत उल्लेख करू का? सासऱ्यांनी केलेला नाही. हे त्यांच्या तोंडात शब्द घालणं होईल का?

खिळेजुळारी

तळटीप द्या. मामींना तळटीप वाचायला हरकत नसावी. तोंडात शब्द घालू नका, त्यांच्या पायाशी ठेवा.

लोकलप्रवासी

टर्मिनसवर माझा हक्क आहे, रोज दोनदा उतरतो.

टर्मिनस हा रोमन लोकांचा सीमेचा देव. त्याची मूर्ती म्हणजे दोन शेतांच्या मधला दगड. दरवर्षी 23 फेब्रुवारीला दोन्हीकडचे शेजारी त्या दगडाला हार घालायचे, नैवेद्य दाखवायचे. कथा अशी, की कॅपिटोलिन टेकडीवर ज्युपिटरचं देऊळ बांधायचं ठरलं तेव्हा बाकीच्या देवांनी जागा सोडली, हा पठ्ठ्या हलला नाही. शेवटी देऊळ त्याच्याभोवतीच बांधलं आणि त्याच्या डोक्यावर छताला भोक ठेवलं, कारण त्याला उघडं आकाश लागतं. आपल्याकडे शिवेवर म्हसोबा असतो ना, शेंदूर फासलेला? साधारण त्याच बिरादरीतला.

आणि आता गंमत बघा. व्हीटीहून मध्य रेल्वेने निघालात की दादर-माटुंग्यानंतर शीव लागतं. शीव म्हणजे सीमाच, जुन्या मुंबई बेटाची. म्हणजे एकाच लाइनवर लॅटिन शीव आणि मराठी शीव. व्हिक्टोरिया राणीचं नाव स्टेशनाला 1887 मध्ये दिलं, ते 1996 ला गेलं, 2017 ला 'महाराज' जोडलं गेलं. पण टर्मिनस जागचा हलला नाही. देव तसा हट्टीच.

पहिलं वाक्य "माझी सुरुवात टर्मिनसवर झाली" असंच ठेवा. मुंबईकराला टर्मिनस समजावून सांगावं लागत नाही.

आगाऊ_कार्टी

स्वान साँगचं 'हंसगीत' करा. सुंदर दिसतं.

शब्दखूळ

दिसतं सुंदर, पण मराठी हंस मरताना गात नाही. तो नीरक्षीरविवेक करतो, दमयंतीचे निरोप पोचवतो आणि सरस्वतीला घेऊन हिंडतो. मरणाआधी गाणारा हंस ग्रीकांचा. प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडी घातलंय, की हंस दुःखाने नाही, आनंदाने गातात, कारण ते आपल्या देवाकडे, अपोलोकडे निघालेले असतात. सॉक्रेटिस हे बोलतो तो विषाचा पेला प्यायच्या दिवशी. नंतर जर्मनांनी त्याचा जोडशब्द केला आणि इंग्रजीने तो उचलला.

आपल्याकडे जवळची आहे ती भैरवी. पण भैरवी मैफलीची असते, गवई दुसऱ्या दिवशी चहा पिऊन रियाजाला बसतो. भंगारात निघालेल्या जहाजाला ती लावली तर थोडी हळवी होईल. मला चालेल. सासरे गाणं ऐकायचे का?

कोरीपाटी

रेडिओवर. रात्री, मामी ओरडेपर्यंत. भैरवीच लिहिते.

तुम्हा सगळ्यांमुळे एक गोष्ट लक्षात आली. वहीचं शेवटचं वाक्य फक्त एक शब्द आहे, 'गुडबाय'. मी त्याला 'निरोप' लिहिलं होतं. काल रात्री शोधलं तर तो मुळात 'गॉड बी विथ यू' निघाला, घासून घासून गुळगुळीत झालेला. म्हणजे त्यात जाण्याचा उल्लेखच नाही! मग आठवलं, आपणही तो टाळतोच. घरातून निघताना 'जातो' म्हटलं की आई अजून रागावते, 'येतो' म्हणायचं. वाणी दुकान बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. मामा तर सफरीला निघतानाही "येतो गं" एवढंच म्हणायचे, असं मामी सांगतात. तेव्हा शेवटी 'येतो' लिहितेय. अनुवाद म्हणून चूक असेल तर आत्ताच सांगा.

आणि कांडल्याचं वाक्य असं केलंय: "दोर सुटत सुटत पार खुंटाच्या टोकापर्यंत गेला आणि आता मागे सोडायला काहीच उरलं नाही." इस्पितळात: "शेवटच्या श्वासापर्यंत मी त्याच्याजवळ बसून होतो." दोन वाक्यांत दोन शब्द. चालेल?

नाखवा_निवृत्त

'येतो' बदलू नका.

इस्पितळाचंही छान. कांडल्याच्या वाक्यात मात्र दोर काढा, साखळी लिहा. दोर आणि खुंट जॉन स्मिथच्या काळातले, तुमच्या सासऱ्यांच्या जहाजावर लोखंडच होतं. आणि साखळी 'सुटत सुटत' जात नाही हो, एकदम जाते. गंजाची लाल धूळ उडते आणि आवाज असा, की शेजारी उभ्या माणसाचं ओरडणं ऐकू येत नाही. मामींना ते कळू दे.